संगणक वाचून शिकतो तेव्हा तो कशावर विश्वास ठेवतो?

प्रश्न असा आहे: "मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटरनेटवरचा मजकूर वाचून संगणकाने स्वतःहून ज्ञान गोळा करावे असा प्रकल्प करायचा आहे, आणि तोही मराठीत. हे नेमके कसे चालते? चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेल्स आल्यावर या जुन्या पद्धतींना काही अर्थ उरला आहे का? आणि मराठीत तेवढा मजकूर तरी आहे का?"

मजकुरातून माहिती वेचण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. संगणकाने एखादी गोष्ट किती वेळा वाचली यापेक्षा, एकमेकांवर अवलंबून नसलेले किती पुरावे त्या गोष्टीपाशी येऊन जुळले, हे जास्त महत्त्वाचे असते. या क्षेत्रात जे यशस्वी झाले त्यांना हे जमले होते, आणि जे घसरले त्यातले बहुतेक इथेच घसरले.

सुरुवातीला लोकांनी संगणकाला वाचायलाच लावले नाही. 1984 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये डग्लस लेनट यांनी 'साय्क' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात सामान्य ज्ञान माणसांनी हाताने, तर्कशास्त्राच्या भाषेत लिहून संगणकाला द्यायचे होते. काम प्रचंड होते आणि दशकानुदशके चालले. ते पाहून अनेकांच्या मनात एकच विचार आला: हे सगळे लोकांनी कुठे ना कुठे लिहून ठेवलेलेच आहे, मग संगणकालाच ते वाचू द्यावे.

पण वाचायचे म्हणजे काय? 1992 मध्ये संशोधिका मार्टी हर्स्ट यांनी एक साधी आणि फार सुंदर वाट दाखवली. एका इंग्रजी विश्वकोशातले वाक्य त्यांनी उदाहरण म्हणून घेतले. "बाम्बारा लोकांच्या न्डांगसारखे धनुर्वीणा प्रकारातले वाद्य" अशा अर्थाची त्याची रचना होती. न्डांग हे नाव आपण जन्मात ऐकलेले नसते, तरी ते एक वाद्य आहे हे आपल्याला त्या वाक्यावरूनच कळते. ते आपण अर्थावरून ओळखत नाही, वाक्याच्या ठेवणीवरून ओळखतो. मराठीतही अशा ठेवणी भरपूर आहेत. 'संबळ, दिमडी, हलगी यांसारखी चर्मवाद्ये' हे वाचल्यावर दिमडी कधीच न पाहिलेल्या मुंबईच्या मुलालाही ती काय आहे ते कळते. 'यांसारखी', 'इत्यादी', 'नावाचा', 'या जातीचे' हे शब्द ज्ञानाच्या खुणा असतात. प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात मराठीतल्या अशा खुणा स्वतः वाचून, हाताने गोळा करा. आपल्याकडे उदाहरणे आधी येतात आणि प्रकाराचे नाव नंतर येते, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा लावलात तर तो उलट्या दिशेने शोधत बसेल.

पुढची पायरी 1998 मध्ये गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांनी टाकली, ती कंपनी स्थापन झाली त्याच वर्षी. त्यांनी लेखक आणि पुस्तक अशा फक्त पाच जोड्या घेतल्या. ती नावे वेबवर जिथे एकत्र दिसली तिथली वाक्यरचना टिपली, त्या रचनेत बसणाऱ्या नव्या जोड्या शोधल्या, आणि त्या जोड्यांवरून आणखी रचना शोधल्या. सुमारे 2 कोटी 40 लाख पानांच्या साठ्यातून त्यांना 15,000 हून अधिक पुस्तके मिळाली. या चक्राला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. सुरुवातीच्या मूठभर उदाहरणांना आम्ही सीड म्हणतो.

आता हेच चक्र मराठीत चालवून पाहू. नदी आणि तिचा उगम हा विषय घेतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी भेटतात.

सीड अशी: गोदावरी आणि त्र्यंबकेश्वर, कृष्णा आणि महाबळेश्वर, भीमा आणि भीमाशंकर. संगणक मजकूर चाळतो आणि त्याला "अमुक नदीचा उगम अमुक येथे होतो" ही रचना सापडते. या रचनेतून कोयना, वेण्णा, सावित्री मिळतात. इथवर सगळे छान. मग त्याला प्रवासवर्णनांत आणि शाळेच्या निबंधांत "कृष्णेचा जन्म महाबळेश्वरच्या डोंगरात होतो" अशी वाक्ये दिसतात. नदीला जन्म असतो, माहेर असते, ती सागराला जाऊन मिळते. आपण असेच लिहितो. म्हणून संगणक "अमुकचा जन्म अमुक येथे झाला" हीही उगमाचीच रचना समजतो. पुढच्या फेरीत तो "सावित्रीबाईंचा जन्म नायगाव येथे झाला" हे वाचतो, आणि त्याच्या नद्यांच्या यादीत सावित्रीबाई फुले येतात. त्यांच्या मागोमाग जन्मगाव नोंदवलेला प्रत्येक माणूस त्या यादीत शिरतो. चार फेऱ्यांनंतर यादीत माणसे जास्त आणि नद्या कमी. दुसरीकडे "वादाचा उगम", "भक्तिपरंपरेचा उगम" अशी वाक्येही आत येत असतात ती वेगळीच.

या घसरणीला सिमँटिक ड्रिफ्ट म्हणतात. यातला धोका असा की संगणकाचा स्वतःवरचा विश्वास वाटेत कुठेही कमी होत नाही. उलट यादी वाढते तसा तो वाढतच जातो, कारण चुकीच्या नोंदी एकमेकींना दुजोरा देत असतात. एकच काम एकट्याने शिकणाऱ्या प्रोग्रॅमला आपण चुकतोय हे कळायला जागाच नसते.

यावरचा उपाय कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टॉम मिचेल यांच्या कामात दिसतो. 1998 मध्येच अ‍ॅव्हरिम ब्लम आणि मिचेल यांनी एक प्रयोग केला होता. विद्यापीठांच्या वेबपानांपैकी अभ्यासक्रमाची पाने कोणती हे संगणकाने ओळखायचे होते. त्यासाठी त्यांनी दोन स्वतंत्र नजरा वापरल्या: एक, पानावरचे शब्द, दोन, इतर पानांवरून त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांतले शब्द. एका नजरेने खात्रीने ओळखलेले पान दुसरीला उदाहरण म्हणून द्यायचे, आणि दुसरीने ओळखलेले पहिलीला. माणसाने खूण करून दिलेली पाने फक्त 12 होती. नुसत्या त्या 12 पानांवर शिकवले तर चुका सुमारे 11 टक्के होत होत्या. दोन नजरा एकमेकींना शिकवू लागल्यावर त्या 5 टक्क्यांवर आल्या. पानाचा लेखक आणि त्या पानाला दुवा देणारा माणूस वेगळे असतात, त्यांच्या चुकाही वेगळ्या असतात, म्हणूनच हे जमले.

हाच विचार वाढवून मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी 2010 मध्ये 'नेल' नावाची यंत्रणा चालू केली. कधीही न थांबता भाषेतून शिकत राहायचे हा तिचा उद्देश, आणि नावही त्यावरूनच पडले. सुरुवातीला तिला 123 प्रकार दिले होते: शहर, कंपनी, खेळाडू, वनस्पती वगैरे. त्याशिवाय 55 संबंध दिले होते: अमुक खेळाडू अमुक संघात खेळतो, अमुक कंपनीचे मुख्यालय अमुक शहरात आहे वगैरे. प्रत्येकासाठी 10 ते 15 सीड आणि वाचायला सुमारे 50 कोटी इंग्रजी वेबपाने. यंत्रणा दिवसरात्र चालत होती.

नेलमध्ये चार वेगवेगळे वाचक होते. एक वाक्यरचनांवरून शिकायचा. दुसरा वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते पाहायचा. तीन ओळखीची शहरे एका यादीत दिसली तर त्या यादीतली चौथी नोंदही शहरच असावी असा त्याचा तर्क. तिसरा फक्त नावाची घडण बघायचा: शेवट कसा आहे, सुरुवात कशी आहे. चौथा आधीच जमलेल्या ज्ञानातून नियम काढायचा. खेळाडू अमुक संघात आहे आणि तो संघ अमुक खेळ खेळतो, तर खेळाडूही तोच खेळ खेळत असणार, अशा प्रकारचे नियम. या चौघांच्या वर बंधने होती: माणूस म्हणजे शहर नव्हे, 'मुख्यालय' या संबंधाच्या एका टोकाला कंपनीच हवी आणि दुसऱ्या टोकाला जागाच हवी.

शब्दकोडे सोडवताना आडव्या शब्दाबद्दल शंका असली तर उभे शब्द ती मिटवतात, आणि चौकटी जितक्या जास्त एकमेकींना छेदतात तितके कोडे सोपे होत जाते. नेलचा गाभा तोच आहे. 123 गोष्टी एकत्र शिकणे हे एक गोष्ट शिकण्यापेक्षा अवघड वाटते, पण त्या एकमेकींना बांधलेल्या असतील तर ते सोपे असते. आपल्या उदाहरणात 'नदी' आणि 'व्यक्ती' दोन्ही प्रकार एकत्र शिकवले आणि 'एकच नाव एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही' असे बंधन घातले असते, तर सावित्रीबाई नद्यांच्या यादीच्या दारातच अडल्या असत्या. 'शिक्षिका', 'समाजसुधारक', 'पती' अशा शब्दांनी त्या व्यक्ती म्हणून आधीच पक्क्या झालेल्या असत्या, आणि त्यांना आत ओढणारी 'जन्म' ही रचनाच संशयित ठरली असती.

तरी नेल घसरलीच नाही असे समजू नका. पहिल्या 67 दिवसांत तिने 2,42,453 नोंदी पक्क्या केल्या. नमुना तपासला तेव्हा त्यातल्या सुमारे 74 टक्के बरोबर निघाल्या. पण हा आकडा फोडून पाहा: पहिल्या टप्प्यातल्या नोंदी 90 टक्के बरोबर, दुसऱ्या टप्प्यातल्या 71 आणि तिसऱ्या टप्प्यातल्या 57 टक्के. सोपे आधी शिकून झालेले असते, उरते ते अवघड असते, आणि जुन्या चुका नव्या चुकांचे सीड बनतात. सगळ्यांत गाजलेली चूक बेकरीच्या पदार्थांची. इंग्रजीत ब्राउझर ज्या छोट्या नोंदी ठेवतो त्यांना कुकी म्हणतात. नेलने 'इंटरनेट कुकीज' भाजलेल्या पदार्थांत टाकल्या. मग "मी कुकीज डिलीट केल्या" या रचनेवरून "मी फाइल्स डिलीट केल्या" हे वाक्य सापडले, आणि संगणकाच्या फाइल्सही बिस्किटांच्या शेजारी जाऊन बसल्या.

सहा महिने यंत्रणा जवळपास एकटीच चालली. सुमारे पाव भाग प्रकार आणि संबंध बरेच मागे पडलेत हे दिसल्यावर माणसे मध्ये पडली. प्रत्येक प्रकारावर आणि संबंधावर दर दोन आठवड्यांनी पाचेक मिनिटे नजर टाकायची आणि उघड चुका काढायच्या, एवढेच ते काम होते. मला या प्रकल्पातली ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते. माणसाची मदत थोडी असली तरी चालते, ती योग्य जागी लागली पाहिजे. चौथ्या वाचकाने काढलेले नियमही वापरण्याआधी माणसाच्या नजरेखालून जात. त्याचे कारण नदीच्या उदाहरणात लगेच दिसते. कृष्णा, कोयना, वेण्णा तिघींचा उगम महाबळेश्वरच्या परिसरात आणि तिघींचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. संगणक आनंदाने नियम काढेल की महाबळेश्वरला उगम पावणारी नदी पूर्वेकडे जाते. मग सावित्री येते. ती त्याच पठारावरून निघून पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. भूगोल जाणणाऱ्या माणसाला हा नियम खोडायला दोन सेकंद लागतात. तो तसाच राहिला तर त्यातून किती खोट्या नोंदी निघतील याचा अंदाजही करता येत नाही.

बंधने घालतानाही विचार लागतो. 'एका नदीचा एकच उगम' हे बंधन घातले की "गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर" आणि "गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वर येथे" यांतले एक वाक्य खोटे ठरते. दोन्ही खरी आहेत. एक डोंगराचे नाव सांगते, दुसरे त्याच्या पायथ्याच्या गावाचे. म्हणून 'अमुक ठिकाण तमुक ठिकाणाजवळ आहे' हा संबंधही शिकवावा लागतो. उलट दिशेला असे बंधन घालूनच चालत नाही, कारण एका ठिकाणी अनेक नद्या उगम पावू शकतात. एका गोष्टीला एकच उत्तर आहे की अनेक, हे प्रत्येक संबंधासाठी दोन्ही बाजूंनी ठरवा, आणि ते कागदावर लिहा.

आता पुराव्याच्या स्वातंत्र्याबद्दल, कारण शिकणारे इथे सर्वात जास्त फसतात. एखादे वाक्य 200 संकेतस्थळांवर दिसले म्हणून त्याला 200 पुरावे आहेत असे होत नाही. बातमी एका वृत्तसंस्थेकडून येते आणि सगळे तीच छापतात. सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांची पाने एकमेकांवरून उतरवलेली असतात. स्पर्धा परीक्षांच्या मराठी पानांवर 'महाराष्ट्रात 35 जिल्हे आहेत' हे वाक्य अजून सापडते. ते खोटे नव्हते, 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा होईपर्यंत खरेच होते. आता 36 आहेत. 1960 साली राज्य झाले तेव्हा 26 होते, आणि जुन्या ग्रंथांत तोच आकडा मिळेल. नुसते मोजून बहुमत घेतलेत तर केव्हा काय निघेल याची खात्री नाही. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तीन गोष्टी ठेवाच: मजकूर कुठून आला, तो केव्हा लिहिला गेला, आणि त्यातले विधान कोणत्या काळाला लागू आहे. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर यांना वेगवेगळी शहरे समजणारी यंत्रणा कुणाच्या उपयोगाची नाही. आणि जुन्या नावाचा मजकूर फेकून देणारीही नाही. एकसारखी वाक्ये एकत्र करून त्यांना एकच पुरावा मानणे हे नीरस काम आहे, पण अचूकपणात सर्वात मोठी भर तिथूनच पडते.

गूगलच्या संशोधकांनी 2014 मध्ये 'नॉलेज व्हॉल्ट' नावाचा प्रकल्प मांडला, तोही याच वाटेने गेला. त्यात वाक्ये, तक्ते, पानांची रचना आणि माणसांनी टाकलेल्या खुणा अशा चार वेगवेगळ्या मार्गांनी तथ्ये काढली, आणि आधीच्या ज्ञानकोशावरून प्रत्येक तथ्य किती संभाव्य वाटते हेही मोजले. सुमारे 160 कोटी नोंदी जमल्या. त्यातल्या 27 कोटींच्या आसपास नोंदींवर यंत्रणेचा 90 टक्के किंवा जास्त विश्वास होता. बाकीच्या ठेवल्या, पण पक्क्या मानल्या नाहीत. शंका जपून ठेवण्याची ही शिस्त तुमच्या छोट्या प्रकल्पातही हवी.

मग मराठीचे काय? मजकूर कमी आहे हे खरे. इंग्रजी विकिपीडियात 60 लाखांहून अधिक लेख आहेत. मराठीत लाखाच्या आसपास, आणि त्यातले बरेच दोन-तीन ओळींचे. नेलच्या पद्धतीला एकच गोष्ट अनेक ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेली लागते. मराठीत वेण्णेच्या उगमाबद्दल तुम्हाला मोजकीच वाक्ये मिळतील. पुनरुक्ती जिथे दुर्मिळ असते तिथे बांधलेल्या बंधनांची किंमत वाढते. इंग्रजीतला प्रकल्प ढिसाळ बंधनांवरही भागवून नेतो, मराठीतला नेऊ शकत नाही.

दुसरी अडचण लिपी आणि शब्दरूपांची. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होते, इथे ती सोय नाही. 'प्रकाश पडला' यात माणूस पडला की उजेड, हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही. विभक्तीचे प्रत्यय नावाला चिकटतात आणि नावाचे रूपही बदलते: सातारा, साताऱ्याला, साताऱ्याहून, नागपूर, नागपुरात. त्यातही 'साताऱ्याला' मधला 'ऱ्या' दोन-तीन प्रकारे टंकित झालेला असतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, संगणकाला वेगळे शब्द दिसतात. युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीचे प्रमाणीकरण चालवले तरी शून्य-रुंदीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून लिहिलेला प्रकार त्यातून सुटतो, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर तर युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये आहे. तो रूपांतरित केल्याशिवाय तिथे मराठी अक्षर एकही नसते, नुसती रोमन चिन्हे असतात. हे सगळे आधी नीट केले नाही तर पुढचे सारे व्यर्थ जाते.

पण हीच शब्दरूपे पुरावाही देतात, आणि मराठीत काम करण्याचा मला सर्वात जास्त आनंद इथे मिळतो. 'कृष्णेला पूर आला' आणि 'कृष्णाला ताप आला' ही वाक्ये पाहा. पुराचा आणि तापाचा अर्थ न कळताही 'कृष्णेला' या रूपावरून नदी असण्याची शक्यता वाढते, कारण नद्यांची आकारान्त नावे अजून 'कृष्णेचा', 'भीमेच्या' अशी चालतात. आजच्या बोलण्यात मात्र माणसांची नावे 'आशाला', 'उषाला' अशी चालवतात. हा नियम अभंग नाही. सीतेला आपण 'सीतेला'च म्हणतो, शेजारच्या सीताला 'सीताला'. पण नेलच्या तिसऱ्या वाचकाला जे काम इंग्रजीत नावांच्या शेवटांवरून करावे लागले, त्यासाठी मराठीत कितीतरी समृद्ध साहित्य आहे. हा पुरावा वाक्यरचनेच्या पुराव्यापासून बराचसा स्वतंत्र आहे, म्हणून तो एक वेगळी नजर म्हणून वापरा. प्रत्यय काढून फेकून देऊ नका. मूळ शब्द वेगळा साठवा आणि प्रत्यय खूण म्हणून जवळ ठेवा.

तिसरी अडचण नावांच्या गर्दीची. वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, पेठवडगाव. बातमीत मात्र नुसते 'वडगाव'. तालुका आणि जिल्हा मिळेपर्यंत अशी नोंद पक्की करू नये. इथे विकिडेटाचा उपयोग होतो. 2012 पासून चालू असलेल्या या खुल्या साठ्यात प्रत्येक गावाला, नदीला, व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक असतो आणि मराठी नावाशेजारी इतर भाषांतली नावेही असतात. मराठी वाक्यातून काढलेली नोंद कन्नड किंवा इंग्रजी मजकुरातल्या नोंदीशी जुळली तर तो खरोखर वेगळा पुरावा ठरतो. मात्र मराठी लेख इंग्रजीवरून भाषांतरित असेल तर तोही एकच पुरावा धरा.

साधनांच्या बाबतीत आज तुम्ही पंधरा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांपेक्षा फार सुखी आहात. मुंबईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट, म्हणजे अर्थाने एकमेकांना जोडलेल्या शब्दांचा कोश, झाले आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीतली व्यक्ती, ठिकाण, संस्था अशा खुणा केलेली हजारो वाक्ये आणि मराठीवर शिकवलेली मॉडेल्स खुली केली आहेत. मद्रासच्या आयआयटीतल्या एआयफॉरभारतने भारतीय भाषांचे मोठे मजकूरसंग्रह दिले आहेत. आणि मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो. जाणकारांनी लिहिलेला, संपादित आणि एकसारख्या ठेवणीचा असा मजकूर माहिती वेचणाऱ्याला फार क्वचित मिळतो. त्याच्या वापराच्या अटी आधी वाचून घ्या.

आता मोठ्या भाषा-मॉडेल्सचा प्रश्न. तीही वाचूनच शिकतात, पण वाचलेल्याची वही ठेवत नाहीत. पुढचा शब्द ओळखता ओळखता ज्ञान कोट्यवधी आकड्यांत विरघळून जाते. 2019 मध्ये संशोधकांनी दाखवले की "दान्तेचा जन्म ... येथे झाला" अशी रिकामी जागा दिली तर असे मॉडेल वेगळे न शिकवताही बरीच तथ्ये भरते. लगेच 2020 मध्ये दुसऱ्यांनी दाखवले की "पक्षी ... शकतात" आणि "पक्षी ... शकत नाहीत" या दोन्ही जागांत त्या काळची मॉडेल्स 'उडू' हाच शब्द भरतात. 2023 मध्ये आणखी एक उणीव मोजली गेली. हॉलिवूड अभिनेता टॉम क्रूझची आई कोण हे मॉडेल बहुतेकदा बरोबर सांगते, पण त्या आईचे नाव देऊन मुलगा कोण असे विचारले तर अनेकदा अडते. नेलसारख्या साठ्यात एकदा नोंदवलेला संबंध दोन्ही बाजूंनी वाचता येतो. मॉडेलमध्ये तो ज्या दिशेने वाचला गेला त्या दिशेने जास्त घट्ट बसतो.

मॉडेल्स सुधारत आहेत, पण तीन गोष्टी अजून त्यांच्याकडून सहज मिळत नाहीत: हे कुठे वाचले, केव्हाचे आहे, आणि चूक निघाली तर नेमकी तेवढीच कशी काढायची. मराठीत यात भर पडते. संगणकावर अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे 'महाबळेश्वर' हा एक शब्द 30 बाइटांचा. अनेक मॉडेल्स तो बारीक तुकडे करून वाचतात, आणि त्यांच्या शिकण्याच्या मजकुरात मराठीचा वाटा मुळातच लहान असतो. त्यामुळे वडगावसारख्या ठिकाणी ती ठामपणे चुकतात. शिवाय त्यांनी लिहिलेला मजकूर आता वेबवर येतो आहे आणि पुढची यंत्रणा तोच वाचते. पुरावे स्वतंत्र राहण्याला आजचा सर्वात मोठा धोका हाच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही एकत्र वापरा. वाक्य समजून त्यातून 'नदी, उगम, ठिकाण' अशी त्रयी काढायला मॉडेल उत्तम आहे. हर्स्ट यांच्या काळात महिनोन्‌महिने लागणारे रचना शोधण्याचे काम ते काही मिनिटांत करते, 'जन्म' हा शब्द नदीला लागला आहे की माणसाला हेही संदर्भावरून बरेचदा ओळखते. पण त्याने काढलेली त्रयी थेट साठ्यात जाऊ देऊ नका. ज्या वाक्यावरून ती काढली ते वाक्य त्याने जसेच्या तसे दाखवलेच पाहिजे, आणि ते मूळ मजकुरात खरोखर आहे का हे तुमच्या साध्या प्रोग्रॅमने तपासले पाहिजे. त्यानंतर प्रकारांची बंधने, एक की अनेक याचे बंधन, काळाचे बंधन. त्यातून पार पडले आणि दुसऱ्या स्वतंत्र मजकुराने दुजोरा दिला, तरच नोंद पक्की.

आवाका लहान ठेवा. 'मराठीतले सगळे ज्ञान' हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प नव्हे. 'महाराष्ट्रातल्या नद्या, त्यांचे उगम, उपनद्या, संगम आणि धरणे' हा आहे. पाच प्रकार आणि सात-आठ संबंध पुरतात, पण ते एकमेकांत गुंतलेले हवेत. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला मिळते. 'संगम' हा संबंध 'उपनदी'ला तपासतो, 'उपनदी' 'समुद्रा'ला तपासते. किल्ले निवडलेत तरी चालेल, मग डोंगररांग, तालुका, बांधणारी राजवट असे धागे घ्या. जिवंत खासगी माणसांची माहिती गोळा करणारा विषय मात्र घेऊ नका, आणि ज्या संकेतस्थळाने यंत्रांना मनाई केली आहे तिथून मजकूर उचलू नका.

शेवटचे तपासणीबद्दल. परीक्षकांना एकच टक्केवारी दाखवू नका. प्रत्येक फेरीनंतर त्या फेरीतल्या नव्या नोंदींतून शंभर नोंदी चिठ्ठ्या टाकून काढा आणि मूळ वाक्यासह तपासा. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे उत्तर न पाहता तपासायचे. जिथे दोघांचे जमत नाही त्या नोंदींची वेगळी यादी करा, कारण तुमच्या प्रकारांच्या व्याख्या कुठे सैल आहेत ते तिथेच कळते. फेऱ्यांप्रमाणे अचूकपणाचा आलेख काढा. तो उतरायला लागला की पुढची फेरी चालवू नका. आधी कोणत्या रचनेने सर्वात जास्त चुका आत आणल्या ते शोधा, ती रचना काढा, आणि तिच्यामुळे आलेल्या सगळ्या नोंदी मागे घ्या. हे करता यावे म्हणून प्रत्येक नोंद कोणत्या रचनेतून आली हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. नंतर ते जोडता येत नाही.